व्याह्याच्या डोक्यावरचं हेल्मेट

विटा, जि. सांगली
१५ जानेवारी २०२५

श्री. मानसिंग जगदाळे, निवृत्त सुभेदार, सातारा यांस,
बाळासो साळुंखे, मुख्याध्यापक, यांचा सप्रेम नमस्कार.

'सप्रेम' हा शब्द रिवाजापुरता आहे, त्यावर जाऊ नये. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केल्याचं एकोणीस वेळा फोन लावल्यावर लक्षात आलं, म्हणून हे रजिस्टर पत्र. एका परीने बरंच झालं. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही.

रविवारी जे घडलं ते तुम्ही साताऱ्यात तुमच्या सोयीने सांगत असाल. मी घडलं तसं लिहून ठेवतो.

माझी राजनंदिनी तुमच्या शंभूराजला देऊन आठ महिने झाले. आठ महिन्यांत तुम्ही आम्हाला पहिल्यांदा काही दाखवायला बोलावलंत. आम्हाला वाटलं महाबळेश्वर असेल. निघालं काय, तर शिरवळच्या माळावर नवीन झालेलं 'वेगभूमी' नावाचं मोटारींच्या शर्यतीचं सर्किट. दोन गाड्या करून विट्याहून अकरा माणसं आली आणि त्यांनी काय पाहिलं? साडेतीन किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी रस्ता, जो कुठेही जात नाही. माणूस जिथे गाडीत बसतो तिथेच उतरतो, आणि त्याला तिकीट आहे. असा रस्ता आमच्याकडे कुणी केला असता तर लोक त्यावरून निदान बाजाराला तरी गेले असते. बाकी टायर रचून केलेल्या भिंती आणि विजेत्यांसाठी तीन पायऱ्यांचा एक ओटा. त्या ओट्यावर चढून पुण्याची माणसं एकमेकांच्या अंगावर सोड्याच्या बाटल्या उडवत होती. त्यांच्यातलं कुणीही काहीही जिंकलेलं नव्हतं.

तेही मी सोसलं. तुमची हौस म्हणून शर्यतीच्या गाडीत एक फेरी मारायलाही तयार झालो. तिथला झिशान नावाचा कर्मचारी अदबीने म्हणाला, "सर, टोपी काढावी लागेल." मी काढतच होतो. तेवढ्यात तुम्ही मागून हात घालून माझी टोपी उचललीत. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत ती टोपी माझ्याशिवाय कुणी उतरवलेली नाही. ती तुम्ही टायरांच्या ढिगावर ठेवलीत, आणि एका परक्या माणसाच्या डोक्यातून त्याच घटकेला निघालेलं, घामाने ओलं हेल्मेट माझ्या डोक्यावर दाबलंत. आणि हसलात.

व्याह्याचा मान नवी टोपी, नवा टॉवेल देऊन करतात, ही रीत सातारा-सांगलीत वेगवेगळी नाही. व्याह्याची टोपी उतरवून त्याच्या डोक्यावर दुसऱ्याने वापरलेली वस्तू चढवायची, तीही त्याच्या भावकीतल्या अकरा माणसांदेखत, याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

म्हणून तिथूनच मी राजनंदिनीला गाडीत बसवून विट्याला आणलं. आता तुम्ही इथे यायचं. पाच माणसांत मला नवी टोपी, टॉवेल आणि फेटा द्यायचा, चुकलो म्हणायचं. मग मुलगी नांदायला येईल. तोवर येणार नाही. तिचा मोबाईल माझ्या कपाटात आहे, तेव्हा शंभूराजने फोन लावण्याचे कष्ट घेऊ नयेत.

बाळासो साळुंखे

सातारा
२१ जानेवारी

पावणं, राम राम.

रजिस्टर मिळालं. पोस्टमन सही घेत हुता तवा शेजारचे दोन पेन्शनर गेटावर उभे हुते. त्यांना वाटलं कोर्टाची नोटीस. मी म्हटलं, त्याच्या वरचं हाय, व्याह्याचं पत्र हाय.

मी चोवीस वर्षं फौजेत काढली. तिथं जे हेल्मेट हातात पडंल ते डोक्यावर चढवायचं. आधी कुणाच्या डोक्यात हुतं ते इचारायचं नसतं. हेल्मेट म्हंजे आहेर न्हवं. डोकं फुटू नये म्हणून घालत्यात. तुमचं डोकं शाबूत हाय म्हणून तर तुमी एवढं लांबलचक पत्र लिव्हू शकला. त्याबद्दल आभार मानायचं सोडून फेटा मागताय.

महाबळेश्वर तुमी चार वेळा बघितलंय, चारी वेळा शाळेच्या सहलीबरोबर, फुकट. म्हणून म्हटलं, पावण्यांना नवीन काय तर दावू.

आनि एवढं सगळं लिव्हलं, पण एक गोष्ट लिव्हायची तुमी विसरला. दुसऱ्या वळणावर तुमी त्याच हेल्मेटात ओकला. उंब्रजला गाडी थांबवून खाल्लेली भजी वळखू येत हुती. झिशाननं दोन बादल्या पाणी ओतून ते धुतलं. आता तुमच्यानंतर ज्याच्या डोक्यात ते गेलं आसंल, त्यानंबी तुमाला रजिस्टर धाडावं का?

आता सूनबाईचं. तिथल्या गाईडचं इंग्लिश कुणालाच कळंना, म्हणून ही सगळ्या पब्लिकपुढं उभी ऱ्हायली आनि हातवारे करून मोठ्यानं मराठीत सांगाय लागली. जगदाळ्यांची सून, परक्या माणसांत! मी तिथं काय बोललो न्हाई, ह्यो माझा मोठेपणा. तुमी मात्र तिचा हात धरून तिला गाडीत कोंबली. ती आता आमच्या घरची हाय. आमच्या मंडळींचं गुडघं धरल्यात, दोन टाइमाच्या भाकरी कोण करणार, पाणी कोण भरणार, ह्याचा इचार केला का तुमी?

आठ दिवसांत पाठवा. फेटा मिळणार न्हाई.

मानसिंग जगदाळे

विटा
२७ जानेवारी

श्री. मानसिंग जगदाळे यांस,

'सप्रेम' या वेळी गाळला आहे.

मुलगी आठ दिवसांत पाठवा, असं तुम्ही लिहिता, आणि कारण देता भाकरी आणि पाणी. शंभूराजला बायकोची आठवण येते, असं एक वाक्य तरी घालायचं होतं. खोटं असतं तरी मी वाचलं असतं.

टोपीवरचा टायरचा डाग तीन धुण्यांत गेला नाही. काल सव्वीस जानेवारीला तीच टोपी घालून मी झेंडावंदनाला उभा राहिलो, मुद्दाम. आमचा शिपाई केरबा म्हणाला, "सर, टोपीवर टायरची नक्षी उठलीया." म्हटलं, नक्षी नव्हे, केरबा, सोयरीक आहे.

मला गाडीत थोडं अस्वस्थ वाटलं, हे खरं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखंही नव्हतं. पण विषय तुम्ही काढलात, तर ऐका. तिसऱ्या वळणावर एक कॅमेरा बसवला आहे. तो प्रत्येकाचा फोटो आपोआप काढतो आणि बाहेर पडताना लोक तो आठवण म्हणून विकत घेतात. मी माझा घेतला नाही. तुमच्या फेरीचा घेतला. प्रत सोबत जोडली आहे. चोवीस वर्षं सीमेवर उभा राहिलेला जवान दोन्ही डोळे गच्च मिटून ड्रायव्हरच्या दंडाला लटकला आहे, आणि तोंड बघता बहुधा आईचं नाव घेत आहे. मोठी प्रत आमच्या बैठकीत लावली आहे. येणारा प्रत्येकजण विचारतो, हे कोण?

राजनंदिनी लोकांपुढे बोलली, ती मुख्याध्यापकाची मुलगी आहे, बोलणारच. घरी आल्यावर मी तिला त्याबद्दल समज दिली, ती गोष्ट वेगळी. ती आमच्या घरातली बाब आहे.

तुमच्या माहितीसाठी, मुलगी माझ्या शब्दाबाहेर नाही. दिवसभर गप्प असते, वर मान करून बोलत नाही. याचा अर्थ ती पूर्णपणे माझ्या बाजूची आहे.

नवी टोपी, टॉवेल, फेटा. पाच माणसं. विटा.

बाळासो साळुंखे

सातारा
८ फेब्रुवारी

प्रति,
सौ. राजनंदिनी शंभूराज जगदाळे,
सध्या मुक्काम विटा

विषय: सासरी तात्काळ हजर होणेबाबत.
संदर्भ: दि. १२ जानेवारीची घटना.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण दि. १२ जानेवारीपासून विनापरवानगी गैरहजर आहात. सदर गैरहजेरीमुळे घरातील दैनंदिन कामकाजात अडथळा निर्माण झाला आहे. आपल्या वडिलांनी बैठकीत लावलेल्या फोटोचा येथे तीव्र निषेध करण्यात येत आहे. तरी हे पत्र मिळताच आपण कोणतीही अट न घालता हजर व्हावे. अन्यथा होणाऱ्या परिणामांची जबाबदारी आपणावर राहील, याची नोंद घ्यावी.

आपला,
शंभूराज मानसिंग जगदाळे

ता. क. तुझी निळी चप्पल इथंच ऱ्हायलीय. बाहेर ठेवली तर कुत्रं नेईल म्हणून आत घेतली.

विटा
१३ फेब्रुवारी

अहो,

पत्र मिळालं. अक्षर तुमचं आहे, बाकी सगळं आबांचं आहे. आबा खुर्चीत बसून सांगत होते आणि तुम्ही लिहून घेत होतात, हे मला इथून दिसलं. 'महोदया' लिहिताना तरी तुमचा पेन थांबायला हवा होता. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या तुमच्या आहेत. आबा पाणी प्यायला उठले असतील तेव्हा लिहिल्या असतील. त्या दोन ओळींना मी उत्तर देते आहे, वरच्या पत्राला नाही.

अण्णांनी मोबाईल कुलपात ठेवलाय, म्हणून मीही कागदावरच लिहिते.

त्या दिवशी काय झालं, ते अण्णांना विचाराल तर टोपी, आबांना विचाराल तर भजी. मला एकानेही विचारलं नाही. मला तिथे फार आवडलं. मी गाडीत बसले, ताशी एकशे ऐंशीचा काटा बघितला आणि उतरल्यावर पाच मिनिटं नुसती हसत होते. मग त्या गाईडचं बोलणं लोकांना कळेना. एक आजी म्हणाल्या, "काय म्हन्तोय गं बाई ह्यो? टायरला ताप आलाय व्हय?" तेव्हा मी पुढे झाले. गाडी वळणावर आतल्या बाजूला का येते, टायर आधी गरम का करतात, जेवढं मला कळलं तेवढं सांगितलं. चाळीस माणसं गप्प उभी राहून ऐकत होती. तिथले मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आम्हाला मराठीत सांगणारं माणूस मिळत नाही. काम करायचं असेल तर कळवा." त्यांचं कार्ड अजून माझ्या पर्समध्ये आहे.

त्यानंतर टोपी झाली. अण्णा माझा हात ओढत होते आणि आबा ओरडत होते, "जाऊ द्या, जाऊ द्या, किती दिवस ठेवून घेतात बघतो." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतात. चार मिनिटं बांधत होतात. तुमच्या पायात सँडल होते.

मला तुम्हाला सोडून जायचं नाही. तुम्ही वाईट नाही. पण दोन घरांच्या मध्ये मला टोपीसारखं इकडून तिकडे ठेवायचं आणि तुम्ही वाकून उभं राहायचं, असा संसार मला करायचा नाही.

एकच करा. एकटे या. एसटीने या. फेटा नको, पाच माणसं नकोत, आबा तर नकोतच. दारात उभं राहून अण्णांना एवढंच म्हणा, "राजनंदिनीला न्यायला आलोय." अण्णा चिडतील, बसा म्हणणार नाहीत. उभे राहा. मी पिशवी भरून ठेवते.

अठ्ठावीस तारखेपर्यंत वाट बघेन. आला नाहीत, तर मी समजेन की उत्तर मिळालं, आणि मग माझं मी बघेन.

राजनंदिनी

सातारा
२४ फेब्रुवारी

पावणं,

तुमचा नवा डाव वळखला. शंभूराजच्या नावावर तुमच्या मुलीचं पत्र आलं. घरात येणारं टपाल आधी कुटुंबप्रमुखानं बघायचं, ही आमच्या घरची शिस्त हाय, म्हणून मी फोडलं आनि वाचलं. दुसऱ्या ओळीला कळलं की हे सगळं तुमी सांगून लिव्हून घेतलंय. 'पायात सँडल होते' हा असला टोमणा मास्तराशिवाय कुणाला सुचत न्हाई. 'आबा तर नकोतच' म्हणं! माझ्या पोराला एकट्याला विट्याला बोलवून, दारात उभा करून, तुमची पाच माणसं त्याच्याकडनं माफी लिव्हून घेणार, हे न कळायला मी काय काल भरती झालोय?

शंभूराजला पत्र दावलं न्हाई आनि दावणार न्हाई. एमआयडीसीत त्याची शिफ्ट लागलीया, त्याचं ध्यान मशीनवर ऱ्हायला पायजे. तो रोज इचारतो, काय उत्तर आलं का. म्हटलं, न्हाई आलं. त्यालाबी कळू दे सासरची माणसं कसली हायत.

आनि तो फोटो खाली उतरवा. मी डोळं मिटले न्हवते. उन्हाची तिरीप आलती.

मानसिंग जगदाळे

विटा
३ मार्च

श्री. मानसिंग जगदाळे यांस,

अभिनंदन. डाव जिंकलात.

तुमचं पत्र अठ्ठावीस तारखेला दुपारी आलं. मी ते आमच्या सौ. शालूबाईंना मोठ्याने वाचून दाखवत होतो. राजनंदिनीने शंभूराजला काही लिहिलं आहे, हे मला तुमच्याच पत्रातून कळलं. मी सांगून लिहून घेतलं म्हणता? मला विचारलं असतं तर मी तिला पोस्टाचं तिकीटसुद्धा मिळू दिलं नसतं. 'शंभूराजला पत्र दावलं न्हाई' इथपर्यंत आलो, तेव्हा ती पाठीमागे उभी आहे हे मला दिसलं नाही. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. दोनदा वाचलं. घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "अण्णा, चहा टाकू का?"

मी समाधानाने चहा प्यालो. म्हटलं, तुमची लायकी तिला परस्पर कळली, बरं झालं.

परवा, एक तारखेला, मी सकाळच्या शाळेला गेलो आणि परत आलो तो घरात ती नाही. कपाट उघडं, मोबाईल नाही, तिची पिशवी नाही. शालूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आवं, माझ्या पाया पडून गेली. मला वाटलं तुमी सांगितलंय." तिचा फोन आता लागतो, पण ती माझा उचलत नाही.

ती तुमच्याकडे आली आहे, हे उघड आहे. पोराला पत्र दाखवलं नाही, हे मुद्दाम मला लिहायचं, म्हणजे ते तिच्या कानावर जाईल आणि ती धावत येईल, हा तुमचा गनिमी कावा मला उशिरा कळला. बापाला न विचारता, एक पिशवी घेऊन सासरी आलेली सून तुम्हाला लखलाभ. मानाने पाठवली असती. आता फुकट मिळाली.

बाळासो साळुंखे

सातारा
१० मार्च

पावणं,

तुमचं पत्र वाचून मी खाली बसलो. सूनबाई हितं आल्या न्हाईत.

शंभूराज कामावरनं आला तवा त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिनं मला पत्र लिव्हलं हुतं?" मी म्हटलं, लिव्हलं हुतं. "कुठं हाय माझं पत्र?" त्यो आवाज मी ह्या घरात पैल्यांदा ऐकला. कपाटातनं काढून दिलं. जेवला न्हाई. तवापासनं माझ्याशी बोलणं बंद हाय. कामावर जातो, येतो, दार लावून बसतो.

आता मुद्द्याचं. काल आमच्या पेन्शनरांची बस सहलीला त्याच वेगभूमीला गेली. मी गेलो न्हवतो, मला आता त्या जागेचं नाव नको वाटतं. संध्याकाळी सगळे माझ्या गेटावर. "सुभेदार, तुमची सून बघून आलो." म्हटलं, कुठं? तर म्हणं, लाल जाकीट, गळ्यात कार्ड, हातात माईक. बसमधनं उतरल्यावर हिनंच रांग लावली सगळ्यांची. एक हवालदार रांग मोडून पुढं गेला, तर म्हणाली, "काका, इथे सगळ्यांचा नंबर येतो, मागे या." चोवीस वर्षांत त्या माणसाला कर्नलनं मागं घेतलं न्हवतं, आनि तो निमूट मागं गेला! वर सगळे मलाच सांगत्यात, लय भारी सांगते पोरगी, तिकिटाचं पैसं वसूल झाले.

पावणं, आजवर आपून एकमेकांना बोललो ते बोललो. पण ही पोरगी ना तुमच्या घरात, ना माझ्या. हे तुमालाबी शोभत न्हाई आनि मलाबी. ही आता आपल्या दोघांची लढाई हाय.

उंब्रजला या. ते दोघांनाबी मधलं पडतं. टोपी, टॉवेल, फेटा घेऊन येतो. पाच माणसं काय, धा आणतो.

तुमचा,
मानसिंग

उंब्रज
१६ मार्च

सौ. राजनंदिनी हिस,
द्वारा वेगभूमी, शिरवळ

अनेक आशीर्वाद.

आज उंब्रज येथे आम्ही उभयता दहा माणसांत भेटलो. सुभेदारसाहेबांनी मोठ्या मनाने टोपी, टॉवेल आणि फेटा दिला. मुख्याध्यापकांनी तितक्याच मोठ्या मनाने तो स्वीकारला आणि बैठकीतला फोटो उतरवण्याचं मान्य केलं. दोन महिन्यांचा गैरसमज अर्ध्या तासात मिटला. असे समजूतदार व्याही मिळायला भाग्य लागतं, असं जमलेली मंडळी म्हणाली.

तेव्हा आता तुझ्या रुसण्याला काही कारण उरलेलं नाही. आम्हा दोघांचा एकमताने निर्णय असा आहे:

हे पत्र मिळताच आठ दिवसांत नोकरी सोडावी. परक्या लोकांना रस्ता दाखवणं हे आपल्या घराण्यातल्या मुलीचं काम नाही. मुख्याध्यापक शिरवळला येऊन तुला सोबत घेतील, सुभेदार साताऱ्याच्या स्टँडवर उतरवून घेतील. शंभूराजला काही विचारण्याची गरज नाही, तो ऐकण्यातला आहे. घरात आल्यावर झाल्या प्रकाराबद्दल तू दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांची माफी मागावी. ते तुला क्षमा करतील.

आठ दिवसांत आली नाहीस, तर सातारा आणि विटा ही दोन्ही दारं तुला कायमची बंद होतील. याबाबतीत आम्हा दोघांत काडीचाही मतभेद नाही.

बाळासो साळुंखे
मानसिंग जगदाळे

(मसुदा आणि शुद्धलेखन पावण्यांचं. हुकूम दोघांचा. मा. ज.)

वेगभूमी, शिरवळ
२४ मार्च

अण्णा आणि आबा यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इथल्या ऑफिसात आलेलं पत्र मॅनेजर फोडत नाहीत, ज्याचं त्याला देतात. त्यामुळे ते मीच पहिल्यांदा वाचलं.

तुम्ही दोघं एक झालात. टोपीवरून तुम्ही माझा संसार थांबवलात, आणि माझ्या हातातल्या माईकवरून तुमचा दोघांचा जुळला. दोन महिने आई रडली, सासूबाईंनी गुडघे धरून भाकरी केल्या, तेव्हा तुम्हाला उंब्रज सापडलं नाही. मी दोन पैसे कमवायला लागले आणि ते लगेच सापडलं.

निर्णयाबद्दल. नोकरी सोडणार नाही. अण्णांनी मला न्यायला येऊ नये, आबांनी स्टँडवर थांबू नये. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. अण्णा, मी विट्यात गप्प होते, ती तुमच्या बाजूची म्हणून नाही. तुमच्याशी बोलण्यात अर्थ उरला नव्हता म्हणून. आबा, तुम्ही माझं पत्र फोडलंत, त्याला शिस्त म्हणत नाहीत. दारं बंद करायची तर खुशाल करा. आई आणि सासूबाईंना मी इथे बोलावीन. त्यांचं तिकीट मी काढीन.

आता कालचं. कुणीतरी तुमच्या कानावर घालेलच, म्हणून मीच सांगते.

काल रविवार, अकराची बॅच. तेवीस माणसं. रांगेत शेवटी शंभूराज उभे होते, मनगटाला तिकिटाची पट्टी बांधून. मी त्यांच्याकडे बघितलं आणि रोज सुरुवात करते तशीच केली, "नमस्कार मंडळी." ते सगळ्यांबरोबर चालले. गॅरेज बघितलं, टायरच्या भिंती बघितल्या, विजेत्यांच्या ओट्यावर चढले नाहीत. तासभर माझं ऐकत होते. आठ महिन्यांच्या संसारात त्यांनी माझं एवढं सलग ऐकलेलं नव्हतं.

शेवटी मी विचारते, कुणाला काही प्रश्न? कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "ताई, गाडी ॲव्हरेज किती देती?" हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. उत्तर देऊन झालं. मग शंभूराजांनी हात वर केला.

"तुमी ऱ्हायला कुठं हाय?"

सगळे हसले. कराडच्या एक बाई म्हणाल्या, "आवं, पोरीला असं इचारत्यात व्हय? काय लाजबीज?" मी माईकमधूनच विचारलं, "घरी विचारून आलात का?"

"न्हाई."

"सांगून?"

"न्हाई."

"मग इथून परत कुठे जाणार?"

बावीस माणसं त्यांच्याकडे वळून बघत होती. मला वाटलं, आता हे मान खाली घालतील. त्यांनी घातली नाही. कान लाल झाले होते, पण बोलले, "ते तुमी काय सांगताय त्याच्यावर हाय. आबांकडं जाणार न्हाई. पत्र मला उशिरा मिळालं. मिळालं तवा यायला पायजे हुतं, तवाबी आलो न्हाई, पंधरा दिवस काढलं. ती माझी चूक."

कराडच्या बाई म्हणाल्या, "अगं बया, नवरा हाय व्हय!"

मी बॅच सोडली. माईक बंद केला. त्यांच्याकडून तिकीट मागून घेतलं आणि त्याच्या मागे माझ्या खोलीचा पत्ता लिहून दिला.

तो तुम्हा दोघांना मी देणार नाही.

राजनंदिनी